बीव्हरचं धरण आणि डिमेलो काकांचं बेसमेंट

"बाय, तुझ्या त्या बीव्हरांनी माझं बेसमेंट बुडवलं!"

मिल्टनच्या नव्या वस्तीतले डिमेलो काका फोनवर ओरडत होते. मूळचे वसईचे. मी मराठी आहे हे कळल्यापासून त्यांची तक्रार थेट मलाच. त्यांचं बॅकयार्ड संपतं तिथून मी काम करते ते राखीव निसर्गक्षेत्र सुरू होतं. आधी हीथ, म्हणजे निकस, आंबट मातीतली गुडघाभर झुडपं, मग पाणथळ. तिथल्या ओढ्यावर बीव्हरांनी, म्हणजे झाडं कुरतडून पाडणाऱ्या कुत्र्याएवढ्या पाणउंदरांनी, फांद्या-चिखलाचं धरण बांधलं होतं. पाणी तुंबून काकांच्या घराखाली झिरपत होतं.

माझी मॅनेजर लिंडा म्हणाली, "शुक्रवारी एक्स्कॅव्हेटर येतोय. धरण फोडू."

नोव्हेंबर लागला होता. पिवळ्या गळ्याची दुर्मिळ कासवं धरणामागच्या तळ्यात, तळाच्या चिखलात जाऊन बसली होती, ती वसंतातच उठणार. वर पुरेसं पाणी असलं तर बर्फ तळापर्यंत पोचत नाही. तळं रिकामं केलं तर ती जागच्या जागी मरणार.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. ही नोकरी मिळाली याचंच अजून अप्रूप. वरिष्ठांना नाही म्हणायची सवय नाही. तरी मी म्हणाले, "फोडायला नको. पाइप टाकून फूटभरच पाणी उतरवू. बेसमेंटला तेवढं पुरेल."

"शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर मशीन."

धरणातून आरपार पाइप घातला. दुसऱ्या सकाळी त्याचं तोंड चिखलाने गच्च! वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर ती जागा बुजवतोच.

काका कुंपणावरून म्हणाले, "इंजिनियर तू का तो, बाय?"

मग छातीपर्यंतचे रबरी वेडर्स चढवून मी बर्फासारख्या पाण्यात उतरले. पाइपला जोड देऊन तोंड लांब, खोल पाण्यात नेलं आणि भोवती जाळीचा मोठा पिंजरा बसवला. तिथे पाणी आवाज न करता आत शिरतं.

शुक्रवारी मशीन गेटवर हजर. मी धावत तळ्यावर गेले. पाइप मोकळा होता, पाणी फूटभर उतरून थांबलं होतं. लिंडाने पाण्याची पातळी दाखवणारी खुणेची काठी दोनदा पाहिली आणि ऑपरेटरला म्हणाली, "सॉरी, परत जा." मी तिथेच झुडपांत बसले.

एप्रिलमध्ये ओंडक्यावर कासवं ऊन खात पसरलेली दिसली. काकांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "बेसमेंट कोरडं. यांना सांग, माझ्याकडे यायचं नाही."

बीव्हरचं काम बंद पाडता येत नाही. त्याला पाण्याचा आवाज ऐकू येणार नाही, एवढीच व्यवस्था करावी.