देवळामागे उभी असलेली गाडी

साळवे मॅडम गेल्याचं मला गाडीत कळलं. सोमवार होता. नगर मागे पडलं होतं, तेवढ्यात दरेकर सरांचा फोन वाजला. त्यांनी गाडी कडेला घेतली, समोरच्याचं ऐकून घेतलं आणि मोबाईल मांडीवर ठेवला. "साळवे मॅडम गेल्या... काल संध्याकाळी. अटॅक." इंजिन चालूच होतं. मग नीलिमा मॅडम "अरे देवा" म्हणाल्या आणि जरा वेळाने, अगदी हळू आवाजात, "म्हणजे आता पर्यवेक्षिकेचा चार्ज कुणाकडे जाणार?" नीलिमा मॅडमना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. तोच प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता, फक्त मी तो विचारला नाही. मी गप्प असते, म्हणून लोक मला चांगली समजतात.

आमची शाळा श्रीगोंद्याच्या अलीकडच्या एका गावात आहे. आम्ही बरेचसे शिक्षक नगरहून रोज अप-डाउन करतो. मी सेमी-इंग्लिशच्या वर्गांना शिकवायला लागले तेव्हा एसटीने जायचे. बसमध्ये मला मळमळायचं आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे कुणी काही विचारलं की मला पटकन मराठीत उत्तर सुचायचं नाही. घरी मराठी, पण माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की दोन्ही भाषा एकदमच पळून जायच्या. साळवे मॅडमनी हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं. तेव्हा त्या इतिहास शिकवायच्या आणि दरेकर सरांच्या गाडीतून यायच्या. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी माझी बॅग सरळ गाडीच्या डिकीत ठेवली.

"अहो मॅडम, पाच जणांची गाडी आहे," दरेकर सर म्हणाले.

"माझ्या जागेत बसेल ती. बारीक आहे. आणि मीही काही फार पसरत नाही."

"तुम्ही पसरत नाही?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांत मोठ्याने मॅडमच हसल्या.

मग मागच्या सीटवर आम्ही चौघी. मॅडम अर्ध्या जागेवर, उरलेल्या अर्ध्यात मी. वळणावर त्या माझ्या बाजूला हात आडवा धरायच्या, जशी लहान मुलाला आई धरते. मला ते आवडायचं आणि अवघडल्यासारखंही व्हायचं.

जूनमध्ये आमच्याकडे समित्या होतात. परीक्षा समिती, सहल समिती, सांस्कृतिक समिती; अध्यक्ष, सचिव, सदस्य, सगळं टाईप करून नोटीस बोर्डावर लागतं. पण शाळा खरी चालायची ती गाडीत. सहल कुठे न्यायची, मुख्याध्यापकांना कुणी काय सांगायचं, शेवटचा तास कुणी कुणासाठी सोडायचा, हे शाळा येईपर्यंत ठरलेलं असायचं. दुपारच्या बैठकीत समिती फक्त मान हलवायची. मला हे कुणी समजावून सांगितलं नाही. मागच्या सीटवर गप्प बसून मला ते कळलं, आणि आपण त्या आतल्या माणसांत आहोत याचं सुखही वाटायला लागलं. शाळेत शिकत असताना मी कुठल्याच घोळक्यात नव्हते. इथे होते.

मग साळवे मॅडम पर्यवेक्षिका झाल्या. वेळापत्रक त्यांच्या हातात आलं. उशिरा येणाऱ्यांना विचारणं त्यांच्या कामात आलं. गाडीत त्या पूर्वीसारख्याच गप्पा मारायच्या, पण बाकीच्यांचं बोलणं आखडलं. एका शुक्रवारी त्या लवकर गेलेल्या होत्या, तेव्हा दरेकर सर म्हणाले, "बाई चांगल्या आहेत, प्रश्नच नाही. पण गाडीत ऑफिस नको." सगळे हसले. मीही हसले. रविवारी नीलिमा मॅडमनी साळवे मॅडमना फोन करून सांगितलं, की गाडी गॅरेजला गेली आहे, किती दिवस लागतील सांगता येत नाही.

त्यानंतर जे आम्ही केलं ते लिहिताना आजही माझे कान गरम होतात. गाडी गॅरेजला आहे म्हटल्यावर ती शाळेत दिसून चालणार नव्हती. म्हणून आम्ही ती गावातल्या मारुतीच्या देवळामागे लावायचो आणि तिथून एकेकटे, थोडं थोडं अंतर ठेवून शाळेत यायचो. पदवीधर, बी.एड. झालेली पाच माणसं. मी सगळ्यांत शेवटी निघायचे. आता गाडीत मला पूर्ण सीट मिळाली होती, पाय मोकळे करून बसता येत होतं. साळवे मॅडम एसटीने येऊ लागल्या. एकदा त्यांनी दरेकर सरांना स्टाफरूममध्ये विचारलं, "काय हो, झाली का गाडी?"

"कसली मॅडम! पार्टच मिळेना."

"पुण्याला विचारून बघा," त्या म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

त्यांना खरंच काही माहीत नाही असं मी स्वतःला सांगत राहिले. मग ऊसतोडीच्या दिवसांत एका सकाळी रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आडवा झाला. वाहतूक तुंबली. आमच्या शेजारी एसटी येऊन थांबली आणि खिडकीत साळवे मॅडम होत्या. त्यांच्या आणि माझ्या मध्ये दोन काचा आणि हातभर हवा. दरेकर सरांनी गाण्याचा आवाज वाढवला. नीलिमा मॅडम खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मी कुठे बघू ते मला सुचेना. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं... ओळखीचं, नेहमीचं. मग त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. वाहतूक सुटेपर्यंत त्या चष्माच पुसत होत्या. चष्म्याशिवाय त्यांना दोन हातांपलीकडचं दिसत नसे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने वर्गात विचारलं, "मॅडम, तुमची गाडी देवळामागं का हुबी आसती?" साळवे मॅडम तेव्हा दारातच होत्या, माझा रजेचा अर्ज सही करून परत द्यायला आलेल्या. मी फळ्याकडे वळले. मॅडमच मुलीला म्हणाल्या, "सावली असते तिथं. चल, पाढे म्हण." गावातल्या पोरासोरांना जे ठाऊक होतं ते त्यांना केव्हाच ठाऊक झालं होतं. तरी आमची लाज झाकायचं काम त्यांनीच केलं. चुकीच्या बाजूला उभं राहून कुणाचा तरी चांगुलपणा स्वीकारत राहणं, हे मी त्या वर्षात शिकले. अजून ते विसरता आलेलं नाही.

अंत्यविधीला चर्चमध्ये आम्ही गाडीतले सगळे मागच्या बाकावर एकत्र बसलो, सवयीने. त्यांच्या मिस्टरांनी आमचे हात हातात घेतले. "तुमच्याविषयी फार बोलायची," ते म्हणाले. काय बोलायच्या, ते विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

पंधरा दिवसांनी चार्ज नीलिमा मॅडमकडे आला. पुढच्या सोमवारी त्या रजेवर होत्या. गाडीत दरेकर सर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझं त्यांच्याशी बरं आहे. तूच सांग ना... गाडी गॅरेजला गेलीय म्हणून." ते चेष्टेत बोलत नव्हते. मी नेहमीसारखी मान हलवली. संध्याकाळी नीलिमा मॅडमना फोन लावला आणि निरोप तोंडातून निघेचना. शेवटी एवढंच म्हणाले, "मॅडम, गाडी गॅरेजला नाहीये." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मलाही? कधीपासून?" मी म्हणाले, "उद्यापासून." त्यांनी फोन ठेवला. हेच वाक्य, 'नाही' न लावता, त्यांनी एकदा साळवे मॅडमना सांगितलं होतं. दरेकर सरांना मी मेसेज केला, की उद्यापासून मी एसटीने जाईन. कारण लिहिलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

सकाळी बसमध्ये चढले तर पुढच्या बाकावर एक बाई खिडकीकडे बसल्या होत्या, शेजारच्या जागेवर त्यांचा रुमाल टाकलेला. त्या आमच्या शाळेच्या गावातल्या आरोग्य केंद्रात काम करतात, नाव मंदाबाई. चर्चमध्ये त्यांना पाहिल्याचं आठवलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी त्या गाडीतल्या न्हवं? आज पंक्चर का?"

"नाही. आता रोज बसनेच."

"बरं." त्यांनी रुमालाकडे पाहिलं. "म्याडमची जागा ही. रोज धरायचे मी. त्या गेल्या, पन हात काय ऐकत न्हाई बगा, चढलं की टाकतोच रुमाल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या सांगायच्या, गाडीत लई दाटी हुते, लेकरं आवगडून बसत्यात, म्हून मीच उतरले. खरं का वं?"

बस भरत आली होती. मागून कुणीतरी "सरका पुढं" म्हणत होतं. मी "नाही" म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना ऐकू गेलं का कोण जाणे. मग पुन्हा म्हणाले, मोठ्याने, "नाही. आम्ही उतरवलं त्यांना."

मंदाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी रुमाल उचलून घडी करून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बसा."

मी शाळा येईपर्यंत दांडी धरून उभीच राहिले.