लहानीच्या ताटातली पोळी

माझ्या मोठ्या मुलीच्या आजाराचं नाव आम्हाला अकोल्यात कळलं. ती तिथं कॉलेजला होती, वसतिगृहात राहायची. दोन वर्षं तिचं हिमोग्लोबिन नऊच्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, गूळ-शेंगदाणे झाले. एक दिवस जिना चढताना चक्कर येऊन पडली. तिथल्या पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला आणि सांगितलं, सिलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लुटेनमुळं आतडं आतून झिजतं, मग अन्न अंगी लागत नाही. यावर औषध नाही. गहू, रवा, मैदा जन्मभर बंद.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काचेच्या नळ्यांपासून आम्लाच्या बाटल्यांपर्यंत सगळ्याची नोंद ठेवायची सवय आहे, त्यामुळं डॉक्टरांकडंही वही घेऊनच गेलो होतो. अकरा प्रश्न लिहून नेले होते. शेवटचा होता, घरात आणखी कोणाला होऊ शकतो का?

डॉक्टर म्हणाले, "आई-वडील आणि भावंडं, सगळ्यांची तपासणी करून घ्या."

आम्हा नवरा-बायकोचं रक्त त्यांनी तिथंच घेतलं. दोघांचंही काही निघालं नाही. उरली लहानी. अकरा वर्षांची, अमरावतीला शाळेत. बायको म्हणाली, परीक्षा होऊ द्या, मग करू. मी वहीत लिहिलं, एप्रिल.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागं पडल्यावर मी फोनवर वाचायला बसलो आणि तिथंच चुकलो. कुठंतरी लिहिलं होतं की डावखुऱ्या माणसांमध्ये हा आजार जास्त दिसतो, असं काहींचं म्हणणं आहे. माझ्या दोन्ही मुली डावखुऱ्या. बडनेरा येईपर्यंत मी तेच चार परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत होतो. वहीच्या शेवटच्या पानावर आमच्या घराण्यातली डावखुरी माणसं लिहून काढली. मोठी, लहानी, आणि माझी बहीण.

बहिणीचं नाव लिहिताना पेन थांबला. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमच्या गावी तेव्हा दोन्ही वेळा ज्वारीची भाकर असायची, गहू सणापुरता. तोवर ती चांगली होती. विळीवर डाव्या हातानं भाजी चिरायची आणि आईची बोलणी खायची. लग्न करून दिली ते घर रोज पोळी खाणारं. आम्हाला त्याचा अभिमान होता. तिथं ती वाळत गेली. दोन बाळंतपणं वाया गेली. माहेरी आली की पोट धरून बसायची. आम्ही तिला आग्रहानं पोळी वाढायचो. खा, ताकद येईल. तिशीत ती गेली. अंगी लागत नव्हतं, एवढंच सगळे म्हणाले.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत मी घर रिकामं केलं. कोठीतला गहू मेहुण्याकडं पोचवला. रवा, शेवया, बिस्किटं, टोस्ट, सगळं बाहेर. हिंगाच्या डबीत मैदा असतो हे कळल्यावर तीही गेली. चक्कीवाल्याशी ठरवलं की सकाळी चक्की झाडून पहिलं दळण आमच्या ज्वारीचं. तो म्हणाला, "गुरुजी, सोवळं पाळून राहिले का?"

लहानीला हे पटलं नाही. "आजार ताईले झाला बाबा, मले काहून शिक्षा?"

"सावधगिरी," मी म्हणालो.

मग तिच्यावर पहारा सुरू झाला. दर रविवारी वजन. सकाळी डोळ्याची खालची पापणी ओढून लाली बघायची. गणिताच्या पेपरच्या दिवशी तिचं पोट दुखलं तेव्हा मी वहीत वेळ लिहून ठेवली. एका संध्याकाळी ती वरणभात खात होती. मी तिच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्या हातात दिला. का दिला, मला आजही नीट सांगता येणार नाही.

बायको भाकर थापता थापता थांबली. "हे काय करून राहिले तुमी?"

"काही नाही. सवय लागली तर बरं."

लहानी चमच्याकडं पाहत होती. "उजव्या हातानं खाल्लं तं आजार चुकते का, बाबा?"

मग मला सगळं सांगावं लागलं. बायकोनं ऐकून घेतलं. "फोनात वाचून पोरीच्या हाताले भ्यायले लागले तुमी! माह्या मामाचे चारी पोट्टे डावरे हायेत. आठ-आठ पोळ्या हाणतेत एका बैठकीत. त्याइले काय झालं?" आणि चमचा परत डाव्या हातात गेला. बहिणीचं मात्र मी तिला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये तपासणी केली. अहवाल नॉर्मल आला. मी पेढे घेतले आणि मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो, तेही फक्त कागद दाखवून यावा म्हणून.

त्यांनी कागद पाहिला. "छान. गहू रोज खाते ना?"

"नाही मॅडम. तीन महिने झाले, घरात कणभर नाही." मला वाटलं, आता शाबासकी मिळेल.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मग हा अहवाल धरता येत नाही." त्यांनी समजावलं. गहू आत गेला की शरीर त्याच्याशी झगडतं, आणि त्या झगड्याच्या खुणा रक्तात सापडतात. गहूच नसेल तर खुणाही पुसट होत जातात. आजार असला तरी कागद कोरा येऊ शकतो. "दोन महिने रोज दोन पोळ्या द्या. मग पुन्हा रक्त काढू."

"आजार असला तर? दोन महिने मीच तिला ते खाऊ घालायचं?"

"हो. फार त्रास झाला तर लगेच आणा."

मग मी हाताचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. "काही संशोधकांना तसं दिसलं, काहींना काहीच दिसलं नाही. हात पाहून मी कोणाला आजारी ठरवत नाही आणि कोणाला सोडतही नाही. तिची सख्खी बहीण आजारी आहे, तपासायला एवढं पुरे." माझ्या बहिणीबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांचं आता कोणीच सांगू शकणार नाही."

नमुना तपासण्याआधीच मी नळी धुऊन टाकली होती. असं करू नका, हे मी पंचवीस वर्षं मुलांना सांगत आलो आहे.

पाच किलो गहू घरात परत आला. दुसरा तवा, दुसरं पोळपाट-लाटणं. मोठी शनिवारी अकोल्याहून यायची, म्हणून लहानीच्या पोळ्या मागच्या पडवीत. मे महिन्याच्या उन्हात बायको तिथं शेगडीपाशी बसायची आणि वाढायचं काम माझ्याकडं. चांगली फुगलेली पोळी, वर तूप. पहिल्या दिवशी लहानी आनंदानं ओरडली. मी वाढताना बोलून गेलो, "खा, ताकद येईल." आणि तिथून उठून नळावर जाऊन उभा राहिलो.

वहीत रोज नोंद. पोळ्या दोन. पोट ठीक. संडास एकदा. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती पोट धरून आडवी झाली. मी गव्हाचा डबा उचलून दाराबाहेर ठेवला. बायकोनं तो आत आणला. "आता मधातच सोडलं तं परत पहिल्यापासून. पोरीले अजून किती दिवस ओढता?" आम्ही दोघं लहानीच्या दोन बाजूंना बसलो. संध्याकाळी कळलं, शेजारच्या मुलींबरोबर तिनं मीठ लावून पाच कैऱ्या खाल्ल्या होत्या. मी लिहिलं, पोट दुखलं, कैरी. मग कैरीपुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

जूनच्या शेवटी पुन्हा रक्त. अहवाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांची नोंद माझ्या वहीत नाही.

नॉर्मल आला.

या वेळी पेढे घेतले नाहीत. आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हा धरता येतो?"

"येतो. आज तिला आजार नाही. पुढं कधी होऊ शकतो. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासू. मध्ये वाढ थांबली, रक्त कमी झालं, तर लगेच या."

"मग मॅडम, गहू कायमचा बंदच ठेवला तर? तिला काय कमी पडणार आहे? भाकर आहे, भात आहे."

"बंद ठेवलात तर पुढची तपासणीही अशीच वाया जाईल. तुम्हाला कधीच कळणार नाही. खाऊ द्या तिला."

त्या शनिवारी दोघी बहिणी शेजारी जेवायला बसल्या. मोठीनं कणी उडू नये म्हणून आपलं ताट हातभर सरकवून घेतलं. लहानीच्या दोन पोळ्या झाल्या, तिनं तिसरी मागितली.

"खाय," मोठी म्हणाली. "माह्या वाटचीबी तूच खाय. बारीक राहिली तं बाबा रोज काट्यावर उभं करतीन तुले."

मी तूप लावून पोळी वाढली. लहानीनं घास मोडला, तोंडात टाकला, आणि थांबली.

"बाबा, तुमी असे पाहू नका ना. घास उतरत नाही."

मी मान फिरवली आणि मोठीला विचारलं, भाकर अर्धी देऊ की आख्खी.