रिलीव्हर आल्याशिवाय

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होते. तिथला एक नियम कुणीच मोडत नसे: रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिलीव्हर म्हणजे तुमच्या जागी येऊन उभी राहणारी बाई. लघवीला जायचं असलं तरी ती हवी आणि शिफ्ट सुटली तरी ती हवी. पुढच्या शिफ्टची बाई आलीच नाही, तर तिची शिफ्ट तुम्ही करायची. त्याला आम्ही डबल म्हणायचो. सुपरवायझर येऊन एवढंच बोलायचा, "ताई, रिलीव्हर नाही. तुम्ही गेलात तर बाकीच्या बायकांवर लोड येईल." बाकीच्या बायकांचं नाव काढलं की आम्ही मुकाट्याने थांबायचो.

माझ्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, बीपीमुळे. असेलही. पण पाणी प्यायलं की रिलीव्हर शोधावी लागते म्हणून अख्खी शिफ्ट घोटभर पाण्यावर काढणाऱ्या बाईला काय वाटायचं ते वाटतंच. आता डायलिसिसमुळे पाणी मोजून प्यावं लागतं. त्याची सवय मात्र मला कंपनीने आधीच लावून ठेवली होती.

आजारपणाने माणूस शांत होतो असं म्हणणाऱ्यांना एकदा माझ्या घरी पाठवावं. मी मुळातच तापट, त्यात हे दुखणं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा. किडनीच्या पेशंटला शहाळं म्हणजे विष, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी एका चुलत जावेला मी म्हटलं, "मारायचंच होतं तर एवढं ओझं कशाला उचलून आणलंस?" ती डोळे पुसत जिना उतरली. नवरा भोसरीला शिफ्ट करून येऊन स्वयंपाकाला लागायचा आणि मी पलंगावरून त्याच्या फोडणीला नावं ठेवायची. दुसऱ्याला समजून घ्यायलाही अंगात ताकद लागते, आणि माझ्या अंगात ती उरली नव्हती.

डायलिसिसचं सेंटर पिंपळे गुरवला, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. सकाळी कोपऱ्यातल्या मशीनवर मी, आणि माझ्यानंतर त्याच मशीनवर एक म्हातारे. सगळे त्यांना आबा म्हणत. गावातल्या जुन्या घरातले, धोतर-टोपीवाले. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता सात मजली इमारती उभ्या आहेत. शुगरने त्यांच्या किडन्या नेल्या होत्या आणि नजरही बरीचशी नेली होती. सून त्यांना घेऊन यायची. ते कायम वेळेच्या आधी येत आणि माझ्या बेडच्या पायथ्याशी दांडा धरून उभे राहत.

"झालं का न्हाई गं तुझं?"

दर वेळी हेच. हातात दोन सुया, पायात पेटके, आणि वर हे. एक दिवस मी भडकले. "आबा, मी काय हौसेने झोपलेय इथं? तुमची घाई मला सांगू नका!"

ते जराही रागावले नाहीत. "घाई न्हाई पोरी. ह्या मशिनीवरनं मानूस उठताना बघितलं की मंग मला झोपाया धीर येतो. म्हून लवकर येतो."

मला इतकी लाज वाटली की मी तोंड भिंतीकडे केलं. म्हणजे सगळ्या सेंटरात या माणसाला माझा उपयोग होता, तोही नुसतं उठून बसण्याचा. त्या दिवसापासून मी उठताना कण्हणं बंद केलं. चक्कर आली तरी हसून म्हणायची, "उठले बरं का आबा. या, तुम्ही माझे रिलीव्हर."

"रिलीवर म्हंजी?"

मी कंपनीचा नियम सांगितला. ते खूश झाले. "म्हंजी आमच्या पाण्याच्या पाळीगत."

आमच्या लाइनवर बायकांत पाळी या शब्दाचा एकच अर्थ होता, त्यामुळे मला हसू फुटलं. पण ते विहिरीच्या पाण्याबद्दल बोलत होते. चार भावांत विहीर एक, प्रत्येकाची पाळी ठरलेली. दारं धरलेल्या, म्हणजे पाणी वळवत उभ्या असलेल्या गड्याने पुढचा आल्याबिगर रान सोडायचं नाही. पाणी मोकळं सोडून गेलं तर बांध फुटतो. "मी हयातीत कुनाला तिस्टत ठिवलं न्हाई," ते म्हणाले.

मग एकदा आबा आलेच नाहीत. सिस्टरने फोन लावला तर सून रडत होती. "ते म्हणतात, बास झालं, आता मशीनवर जायाचं न्हाई. पोरांचंबी ऐकत न्हाईत." माझ्या सुया अजून हातातच होत्या. मी फोन मागून घेतला, आबांना द्यायला सांगितला आणि सुचेल ते बोलले. "आबा, मी इथं अडकलेय. रिलीव्हर नाही माझा."

तासाभरात रिक्षा आली. आबा धापा टाकत, सुनेच्या खांद्याला धरून जिना चढले. तोवर माझ्या सुया निघाल्या होत्या, तरी मी बेडवरच पडून होते. "चुकलं पोरी, तुला तिस्टत ठिवलं," असं म्हणून त्यांनी हात जोडले. तेव्हा मला कळलं की त्यांना ते खरंच वाटलंय. पुढचा माणूस आल्याशिवाय मशीन मला सोडत नाही, जशी पाण्याची पाळी सोडता येत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मागून सुनेने मला हात जोडले. मी उठून त्यांना बेड मोकळा करून दिला.

त्यानंतर आबा एकदाही चुकले नाहीत. सून मला म्हणायची, "ताई, तुमच्यासाठी येतात बघा." मला बरं वाटायचं. घरीही मी निवळले. जावेला स्वतः फोन केला. नवऱ्याच्या फोडणीला चांगलं म्हणू लागले. वाटलं, आपण एका माणसाला धरून ठेवलंय, म्हणजे अजून कुठेतरी कामाला येतोय.

पण आबांचं शरीर संपत चाललं होतं. आधी पायाचं बोट कापलं, मग गुडघ्याखालचा पाय. वॉचमन आणि रिक्षावाला त्यांना खुर्चीसकट वर आणू लागले. मशीनवर त्यांचं बीपी खाली जायचं, डोळे फिरायचे, पेटक्यांनी ते आईला हाका मारायचे. माझं झाल्यावर मी बाहेर जिन्यात बसले तरी ते ओरडणं ऐकू यायचं. आता ते मला झालं का विचारत नसत. माझ्या पायथ्याशी खुर्चीत मान खाली घालून बसत, डबल सांगितलेली बाई लाइनजवळ बसायची तसे. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या सुपरवायझरचं वाक्य आता मी बोलतेय. शेजारणीचे हाल होतील म्हणून आम्ही थांबायचो, आणि त्याच भरवशावर कंपनी आम्हाला थांबवायची. आबांना मी तसंच थांबवलं होतं.

एका सकाळी त्यांनी चाचपडत माझा पाय शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"पोरी, एक इचारू का? मी न्हाई आलो तर तुला कोन सोडवल?"

मागे सून उभी होती. ती मान हलवून मला नाही, नाही म्हणत होती. तिचे डोळे सुजले होते. तिला सासरा हवा होता, तसाही, अर्धा कापलेलाही. तिचं काय चुकत होतं? आणि मलाही आबा हवेच होते. ते गेले तर त्या मशीनवरून उठायचं कुणासाठी, हे मला माहीत नव्हतं. तुमचा गैरसमज झालाय आबा, असं सांगावं, तर इतके महिने उगाच सोसलं असं त्यांना वाटलं असतं. ते मला सहन झालं नसतं.

"मी डबल करीन, आबा," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"तुमची पाळी मी धरते. कंपनीत किती वेळा केलंय. तुम्ही जा घरी."

"झेपल का तुला?"

"झेपेल."

ते बराच वेळ माझ्या पायावरून हात फिरवत राहिले. मग टोपी नीट केली आणि सुनेला म्हणाले, "चल. पाळी तिनं घेतलीया."

सून माझ्याकडे बघून ओरडली, "काय केलंत ताई तुम्ही? काय केलंत?" सगळं सेंटर बघत होतं. आबा तिला शांतपणे चल, चल म्हणत राहिले. खुर्ची जिन्यावरून उतरताना एकेका पायरीवर आपटत गेल्याचा आवाज मी ऐकला. ते शेवटचेच आले होते, हे तिथे सगळ्यांना कळलं होतं.

माझे तास संपले. सिस्टरने सुया काढल्या, पट्टी बांधली, मशीन धुवायला घेतलं. चादर बदलून रिकामा बेड तसाच राहिला. मी खाली उतरले, पण घरी गेले नाही. हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर बसले. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, घशाला कोरड पडली होती, दुकानदाराने पाणी दिलं ते नको म्हटलं. आबांना मोकळं करायला मी डबल करीन असं खोटंच बोलले होते. त्यांच्या पाळीचे तास तिथे बसून काढायचे, तेवढं तरी खरं करायचं होतं.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. "अगं, कुठं आहेस? अजून सुटली नाहीस?"

"नाही," मी म्हटलं. "रिलीव्हर आला नाही. डबल आहे."