भिजवून न पाहिलेला जोडा

मोहनदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दुकानात एका पर्यटक बाईशी हुज्जत घालत होते. तारकर्लीच्या वाळूत दिवसभर फिरवलेली सँडल ती परत करायला आली होती आणि मी नेहमीसारखं गल्ल्यामागच्या पाटीकडे बोट दाखवत होते. ‘भिजलेला, वापरलेला माल परत घेतला जाणार नाही.’ तेवढ्यात मोबाइलवर सुनंदावहिनीचं नाव दिसलं. ती एवढंच म्हणाली, “बाय, तुझो दादा गेलो गो...” त्या बाईला मी पुढे काय सांगितलं, तिनं सँडल नेली की टाकून गेली, मला काही आठवत नाही. शटर ओढायच्या आधी मी वळून त्या पाटीकडे पाहिलं, एवढं मात्र पक्कं आठवतं.

मोहनदादा माझा चुलतभाऊ. वीज खात्यात वायरमन होता आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यानं आंबोलीला काढली. खांबावर चढणं हे त्याचं काम आणि दरीत उतरणं हे त्याचं वेड. पावसाळ्यात लोक धबधबे बघायला येतात, फोटोसाठी कड्याच्या टोकाला जातात, कोणाचा तरी पाय घसरतो. मग गावातली माणसं दोर घेऊन खाली उतरतात. दादा त्यांच्यातलाच एक झाला होता. निवृत्त होऊन मालवणात परत आला, तरी आंबोलीहून फोन आला की हा स्कूटर काढून निघालाच. वहिनी दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलायची आणि बोलता बोलता त्याच्या पिशवीत भाकरी कोंबायची. माणूस जिवंत वर आला तर दादा आठवडाभर खुशीत असायचा. नाहीतर माझ्या दुकानात येऊन नुसता बसून राहायचा, चहासुद्धा नको म्हणायचा.

या कामाला त्याला एकच जोडा चालायचा. करड्या कापडाचा, काळ्या मऊ रबरी तळाचा, दिसायला अगदी सामान्य. माझ्या वडिलांच्या काळापासून तो आमच्याकडे यायचा आणि दादाखेरीज फारसं कोणी घ्यायचं नाही. एकदा मी त्याला विचारलं होतं, दोर बांधलेला असतो, मग जोड्याचं एवढं काय कौतुक? तो हसला. “दोरार कोण पडना नाय गो बाय. माणूस पडता तो दोरापर्यंत जाताना.” कड्यापर्यंतची ती शेवाळलेली, निसरडी उतरण, तिथेच खरा घात असतो, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून नवा जोडा घेताना तो दुकानाच्या मागे विहिरीवर जायचा. तिथे कपडे धुवायचा एक पाथर आहे, कायम ओला आणि हिरवागार. दादा जोडा बादलीत बुचकळायचा, पायात घालायचा आणि त्या पाथरावर एका पायावर उभा राहायचा. माझे वडील गल्ल्यावरून ओरडायचे, “पडशीत रे!” तो पडायचा नाही. तळ जरासा सरकला तर तोच ओला जोडा परत काउंटरवर यायचा, आणि वडील तो उन्हात वाळवून पुन्हा खोक्यात भरायचे.

वडील गेल्यावर दुकान मी सांभाळू लागले. समुद्रावर जाऊन आलेल्या चपला ‘मापात बसत नाहीत’ म्हणून परत करणाऱ्या पर्यटकांनी मला इतकं पिडलं, की मी ती पाटी करून घेतली. पाटी बरोबरच होती. आजही मी म्हणेन, त्या लोकांसाठी ती बरोबरच होती.

मग तो जोडा यायचा बंद झाला. मी एजंटला फोन केला, तर तो म्हणाला, “ताई, कंपनीनं साचाच मोडीत काढला. विसरा आता.” दादा विसरायला तयार नव्हता. जुन्या जोडीच्या तळाला त्यानं सायकलची ट्यूब चिकटवून घेतली, ती एका पावसात सुटली. कोल्हापूर झालं, बेळगाव झालं, पणजीच्या बाजारात एक जोडी सापडली तर ती बायकांच्या मापाची. दर सोमवारी बाजारात आला की तो पायरीवरूनच विचारायचा, “आयलो काय गो माझो जोडो?” आणि मी आतून ओरडायचे, “नाय रे दादा, तुझो जोडो तुझ्या आधी म्हातारो झालो.” गिऱ्हाइकं हसायची. दादाही हसायचा.

शेवटी मीच कंबर कसली. माझ्या दुकानातून भाऊ रिकाम्या हातानं जातो, हे मला कुठेतरी लागलं होतं. पकडीसाठी नावाजलेला, जाड तळाचा, महागडा ट्रेकिंगचा जोडा मी खास मागवला. दादानं तो घातला, दुकानाच्या फरशीवर चार फेऱ्या मारल्या, टाच आपटून बघितली. फरशीवर तो अगदी घट्ट बसत होता. मी म्हटलं, “बघ, कसो चिकाटता!” त्यानं जोडा उलटा करून तळावर अंगठा दाबला. तळ कडक होता. एकदा मागच्या दाराकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं आणि मिश्कील हसून म्हणाला, “तुझो बोर्ड आसा मां. ह्येका भिजवक जमाचा नाय.”

तेव्हा दुकानात गर्दी होती. मी नुसती हसले. तुला कसली रे पाटी, जा विहिरीवर, एवढं म्हणायचं होतं... मी म्हटलं नाही. काही ठरवून नाही. चार गिऱ्हाइकांसमोर पाटी मोडली तर उद्या सगळेच मोडतील, असं काहीतरी पुसटसं मनात आलं असावं. दादा जोडा घेऊन गेला.

त्याच पावसाळ्यात आंबोलीला एक मुलगा दरीत पडला आणि त्याला आणायला उतरताना, दोर बांधायच्या आधीच, दादा घसरला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण दादा पुन्हा धड उभा राहिला नाही. अंथरुणाला खिळला आणि पडून पडून फुप्फुसं हळूहळू थकत गेली. मी दुकान बंद केलं की रोज त्याच्याकडे जायचे. एकदा धीर करून विचारलं, “दादा, जोडो घसारलो काय रे?” तो छताकडे बघत म्हणाला, “जोड्याचो काय दोष? तेका खंय म्हायत आंबोली! मीच बेसावध होतंय.” उतरणीवर तो आयुष्यात कधी बेसावध नव्हता. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. त्यानंतर आम्ही दोघं फक्त माशांच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

आमच्याकडे तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावानं भटजींना छत्री आणि जोडा देतात. पुढची वाट काट्याकुट्यांची असते, अनवाणी जाऊ नये, म्हणून. वहिनीनं तो आणायचं काम माझ्यावर सोपवलं. म्हणाली, “जोडो तूच हाड गो. तेंका दुसऱ्या दुकानातलो चलायचो नाय.” आदल्या दिवशी मी दुकानातले दादाच्या मापाचे, आठ नंबरचे सगळे जोडे टोपलीत भरून विहिरीवर नेले. एकेक बुचकळून पायात घातला, दोरीनं आवळला आणि काठाला धरून पाथरावर उभी राहिले. दादाला दिला होता तसलाच एक महागडा जोडा त्यात होता, तो पाय टेकताच सटकला. मी गुडघ्यावर आपटले. आणखी दोन-तीन तसेच सरकले. शेवटी राहिला ट्रॉलरवरच्या खलाशांसाठी ठेवते तो, मऊ काळ्या रबराचा, खालच्या फळीवरचा स्वस्तातला जोडा. तो हलला नाही. मी काठ सोडला, एक पाय उचलला, तरी तो हलला नाही... तो जोडा कायम माझ्या दुकानात होता. दादा दर सोमवारी ज्या पायरीवर उभा राहून विचारायचा, तिथून चार हातांवर. खलाशांचा माल म्हणून तो त्याला दाखवावा असं मला कधी सुचलंच नाही. पाथरावर बसून मी मोठमोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी तोच जोडा, आतून अजून ओलसर असलेला, दान दिला. भटजींनी हाताला लागलेलं पाणी पंच्याला पुसलं आणि पुढचा मंत्र सुरू केला.

दोन दिवसांनी भटजी दुकानात आले. पिशवीतून तो जोडा काढून काउंटरवर ठेवला आणि अवघडून म्हणाले, “दान पोचलं हो बाई, त्याची काळजी नको. पण हा मला फारच मोठा होतो. माझ्या मापाची साधी चप्पल मिळेल का?” त्यांची नजर माझ्या डोक्यावरच्या पाटीवर गेली आणि ते चपापले. “नाही म्हणजे... भिजलेला आहे, नियमात बसत नसेल तर राहू दे.”

“बसता भटजी,” मी म्हटलं आणि त्यांना चप्पल काढून दिली.

दुकानात तेव्हाही गर्दी होती. कोणी मान वर करून पाहिलं नाही, कोणी काही बोललं नाही. पाटी मी त्याच संध्याकाळी उतरवली. तो आठ नंबरचा जोडा गल्ल्याशेजारी ठेवला आहे, विकायचा नाही. दर सोमवारी मी तो विहिरीवर नेऊन भिजवते आणि उन्हात ठेवते. वाळला की जागेवर. मोलकरीण मध्ये पाथर घासायला निघाली होती, तिला मी शेवाळाला हात लावू दिला नाही. भटजींचा जोडा परत घ्यायला मला किती वेळ लागला, हे सारखं आठवत राहतं. काहीच लागला नाही.