कुशीवर झोपणारे मासे

"बसा. दिसंल."

एवढं बोलून आमच्या विज्ञानाच्या बाई माशांच्या टाकीवरचा दिवा बंद करायच्या आणि स्टुलावर बसून राहायच्या. चष्मा कपाळावर, हात मांडीवर. दिसायचं काहीच नाही. वाळू, दोन दगड आणि फुटक्या कुंडीचा एक तुकडा. मी मराठीचा मास्तर. मधल्या सुट्टीत मला चहा हवा असायचा, वाळू बघायची हौस नव्हती. पण बाईंनी बसा म्हटलं की बसावं लागायचं.

पलूसमधल्या आमच्या शाळेत ऑफिससमोर ही काचेची टाकी आहे. संस्थेच्या अध्यक्षांनी ती वडिलांच्या स्मरणार्थ दिली. स्मृतिपाटी एवढी मोठी की तिच्यामागे पाव टाकी झाकली जाते. अध्यक्षांची अपेक्षा साधी होती: लाल मासे फिरावेत आणि पाहुण्यांनी वा म्हणावं. मासे आणायचं काम बाईंकडे गेलं आणि त्या सांगलीहून लोच नावाचे मासे घेऊन आल्या. अंगावर पट्टे, तोंडाशी मिशा आणि दिवसभर दगडाखाली दडून बसायचा स्वभाव. दाखवायच्या टाकीत न दिसणारे मासे.

त्यातही एक भलताच निघाला. बाईंनी माझं डोकं काचेजवळ नेऊन दाखवलं. हा तोंडाने काचेला चिकटतोय आणि मिशांचा पत्ता नाही, म्हणजे हा लोच नव्हे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही एसटीने सांगलीला गेलो, माशाची पिशवी बाईंच्या मांडीवर. आम्ही म्हणजे बाई आणि मी, कारण मला कुणाला नाही म्हणता येत नाही. दुकानदार म्हणाला, "आवं म्याडम, मासा त्यो मासाच की." तरी बाईंनी तो बदलूनच घेतला. त्यांना सहा हवे होते. हे मासे एकटे-दुकटे ठेवले की झुरतात, असं त्यांचं म्हणणं. परतताना त्यांनी मला सांगितलं की हे पट्टेवाले मूळचे आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातलेच. आपल्याच नदीचे मासे दुकानातून आणायचे आणि वर ते ओळखूही यायचे नाहीत!

पथ्यं तर विचारू नका. धारदार खडी नको, मिशा झिजतात, म्हणून बाईंनी मुलांकडून वाळू चाळून धुऊन घेतली. मीठ आणि कडक औषधं नकोत, कारण खवलं नावापुरती. जाळीने पकडायचं नाही, डोळ्याखालचा काटा अडकतो. बाळंतिणीलाही एवढं जपत नाहीत, असं मी एकदा म्हणालो. बाई हसल्या नाहीत.

आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे हे मासे कुशीवर आडवे पडून झोपतात. अगदी मेल्यासारखे. शिपाईमामांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी सगळी शाळा गोळा केली. बाईंनी त्यांनाही स्टुलावर बसवलं. थोड्या वेळाने मासा उठून चालता झाला. मग मुलांनी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आम्ही मेलो नाही, झोपलोय'. बाईंनी तो कागद काचेवर चिकटवला. जागा एकच मोकळी होती, अध्यक्षांच्या वडिलांच्या स्मृतिपाटीखाली.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांच्या ते लक्षात आलं. स्वर्गवासी माणसाच्या नावाखाली असला मजकूर बरा दिसत नाही, हे मलाही पटलं. पण कागद शेजारी लावता आला असता. त्यांनी तो काढून टाकला. सकाळी सजावटीचा माणूस टाकीवर हार लावत होता. त्याला आडवा पडलेला मासा दिसला. पाहुण्यांना मेलेला मासा दिसू नये म्हणून त्याने चांगल्या मनाने चहाच्या गाळणीने तो काढला आणि बाहेरच्या फुलझाडांच्या कुंडीत टाकला. बाई आल्या तेव्हा मासा वाळला होता.

दुपारी पाहुण्यांनी विचारलं, टाकी रिकामी कशी? बाई पुढे झाल्या. "सहा हुते साहेब. एक सकाळी झोपला हुता, म्हणून टाकून दिला. झोपलाय असं लिवून लावलं हुतं, त्ये काल काढलं."

पाहुणे हसले. मग अध्यक्ष हसले, मग मुख्याध्यापकही हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

जूनमध्ये बाईंची बदली औंधकडच्या शाखेत झाली. तुमच्या गावाजवळ सोय केली, असं सांगण्यात आलं. उरलेले पाच मासे नेऊ का, असं बाईंनी विचारलं. टाकी संस्थेची, तेव्हा मासेही संस्थेचे, असं उत्तर मिळालं. बाई निरोपाचं भाषण न करता गेल्या. मी कागद परत लावायचं मुख्याध्यापकांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते बघू म्हणाले.

आता टाकीत लाल मासे फिरतात आणि पाहुणे वा म्हणतात. दिवा दिवसभर चालू असतो. परवा शाळा सुटल्यावर मी तो बंद केला आणि स्टुलावर बसलो. बराच वेळ काही दिसेना. मग कुंडीच्या तुकड्याशी एक पट्टेवाला दिसला, कुशीवर पडलेला. तेवढ्यात मामा किल्ल्या घेऊन आले, वाकले आणि हळूच म्हणाले, "सर, झोपलाय न्हवं?"

मी त्यांना बसा म्हणालो. दिसंल म्हणायचं धाडस झालं नाही.