निथळत ठेवलेला डबा

आमच्या तेलाच्या धंद्यात डबा नुसता ओतून चालत नाही. पंधरा किलोचा डबा ओतला तरी आत अंगाला तेल चिकटून राहतं. माझे वडील तो डबा नरसाळ्यावर पालथा घालून दुपारभर निथळत ठेवायचे, मग उन्हात तापवून पुन्हा पालथा घालायचे, आणि शेवटी धुण्याच्या सोड्यानं आतून घासून खडखडीत वाळवायचे. जुन्याचा अंश राहिला तर नवं तेल खवट होतं, असं ते सांगायचे. मी ही शिकवण जन्मभर पाळली. एकदा डब्याऐवजी माणसाच्या बाबतीत पाळली, आणि ते माणूस माझी एकुलती एक मुलगी होती.

ती गेली तापानं. डॉक्टरांच्या कागदावर तसंच लिहिलंय, आणि डॉक्टरांवर माझा काही राग नाही. माझा राग कुणावर आहे ते पुढं येईलच.

लातूरला आमचं लाकडी घाण्याचं दुकान आहे. आम्ही लिंगायत, त्यामुळं वडिलांच्या काळी सोमवारी घाण्याला बैल जुंपत नसत. आता बैल गेले, मोटार आली, तरी मी सोमवारी घाणा बंद ठेवतो. गिऱ्हाइकं चिडवतात, "आप्पा, मोटारीला कुठला आलाय सोमवार?" मी म्हणतो, मोटारीला नसेल, मला हाय.

एकदा हे ऐकून काउंटरपलीकडं उभ्या असलेल्या सिस्टर खळखळून हसल्या होत्या. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, आमच्या गल्लीत मागच्या बाजूला एकट्या राहणाऱ्या. नर्स म्हणजे ख्रिश्चन असणार, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या होत्या यहुदी, अलिबागकडच्या. "आप्पा, आमचे वाडवडीलपण तेलीच," त्या म्हणाल्या. "ते शनवारी घाणा बंद ठेवायचे. कोकणात आम्हाला शनवार तेलीच म्हणत." त्या दिवसापासून मी सोमवार तेली आणि त्या शनवार तेली. इतक्या लांबचं धंद्यातलं माणूस भेटलं याचा मला फार आनंद झाला होता.

त्यांचा शनवार शुक्रवारी सूर्य बुडतानाच लागतो, म्हणून दर शुक्रवारी दुपारनंतर त्या दिव्यासाठी तिळाचं तेल न्यायला यायच्या. बाटली तीच, आणि तिच्या तळाशी बोटभर जुनं तेल कायम. मी म्हणायचो, सिस्टर, आणा इकडं, विसळून देतो. त्या बाटली मागं ओढून घ्यायच्या. "राहू द्या. त्याच्यावरच ओता." धंदेवाईक माणसाला हे बघवत नाही. मी दर शुक्रवारी कुरकुरायचो आणि दर शुक्रवारी तसंच ओतायचो.

कधी मीच तेल घेऊन त्यांच्या घरी जायचो. सूर्य कलायला लागला की त्या आधी इस्रायलमधल्या मुलाला फोन लावायच्या. दोन मिनिटं, जास्त नाही. "दिवा लावतेय रे बाळा. तुझं नाव घेते." मग फोन बंद, डोक्यावर पदर, दिवा, आणि डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना. मी हे कितीदा पाहिलं असेल! पाहिलं, पण मला कळलं नाही.

त्यांच्या वडिलांना कोचीनकडून आलेल्या एका गुरुजींनी काही गूढ गोष्टी शिकवल्या होत्या, त्या सिस्टर मला सांगायच्या. एक अशी, की देवानं जग घडवताना आपला प्रकाश भांड्यांत ओतला. तो इतका होता की भांडी फुटली, आणि ठिणग्या सगळीकडं सांडल्या. प्रत्येक वस्तूत एकेक ठिणगी अडकून पडलीय. आपण आठवण ठेवून घास घेतला, नीट मनानं काम केलं, की ती सुटून देवाकडं जाते.

"म्हणजे गरम तेल एकदम काचेत ओतू नये, हे तुमच्या देवाला ठाऊक न्हवतं का?" मी विचारलं.

सिस्टरच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. म्हणाल्या, "माझ्या वडिलांना हे ऐकवायला पाहिजे होतं." पण ते बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. घाण्यावर मूठभर तीळ टाकताना मी मनात शिव म्हणायला लागलो. कुणाच्या का देवाची असेना, ठिणगी सुटली तर बरंच.

आता मुलीचं सांगतो. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिची वेणी मी घालायचो. भांग कधी सरळ निघाला नाही, पण तेल असं लावायचो की शाळेतल्या बाया वासावरून ओळखायच्या. तिळाच्या तेलात मेथी आणि कढीपत्ता घालून मी ते स्वतः कढवायचो. ती मोठी झाली, शिकली, आणि किनवटकडच्या एका निवासी शाळेत शिक्षिका म्हणून लागली. जंगलातलं गाव, मुलींचं वसतिगृह, तिथंच राहायची खोली. मी सकाळी सातला फोन करायचो, दुपारच्या सुट्टीत करायचो, शाळा सुटली की करायचो, निजायच्या आधी करायचो. मधेच मनात आलं की एसटीनं नांदेड, तिथून किनवट, हातात तेलाची बाटली आणि चटणीचा डबा. कळवायची पद्धत माझ्याकडं नव्हतीच.

गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधी असाच जाऊन थडकलो. ती वर्गात शिकवत होती. मी दारात उभा राहिलो आणि सगळ्या पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. बाहेर येऊन ती हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, न सांगता का येताव? बाकीच्या बाया हसायल्यात मला."

"बापानं सांगून यावं लागतं का?"

"हाव. लागतं." तिनं मागं वर्गाचं दार ओढून घेतलं. "मी काय लहान हाय का? जरा जागा द्या मला, आप्पा."

मी बाटली तिथंच ओट्यावर ठेवली आणि आल्या पावली परत फिरलो. येताना एसटीत माझ्या शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, तब्येत बरी हाय ना.

त्याच शुक्रवारी सिस्टरच्या घरी बसून मी सगळं ओकलो. आईविना वाढवलं, वेण्या घातल्या, आणि आता जागा पाहिजे! सिस्टरनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आप्पा, जग नव्हतं तेव्हा सगळीकडं देवच भरून होता. मुंगी ठेवायलासुद्धा रिकामी जागा नव्हती. मग देवानं काय केलं? स्वतःला आवरलं. मागं सरला. त्या मोकळ्या जागेत जग झालं. वडील म्हणायचे, ज्याच्यावर माया आहे त्याच्यासाठी मागं सरायला देवसुद्धा शिकला." बोलता बोलता त्यांनी मुलाच्या फोटोकडं पाहिलं. पुढंही काही सांगणार होत्या, पण सूर्य बुडायला आला होता. त्या दिव्याकडं वळल्या आणि मी चप्पल घालून निघालो.

अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणजे काय ते माझ्याकडून शिकावं. मला ते बोलणं फार पटलं, कारण त्यात माझा राग नीट बसत होता. देव मागं सरला, मग मीही सरतो. फोन बंद केले. किनवटला जाणं बंद केलं. तेल पाठवणंही बंद केलं. पहिले काही आठवडे तीच फोन करायची.

"आप्पा, जेवलाव का?"

"हाव."

"रागात हाव का?"

"न्हाई. तू बघ तुझं. ठेवतो."

मग ती फक्त सोमवारी करायला लागली, मग तेही विरळ झालं. माझ्या जिवाची तगमग व्हायची. सकाळी सातला हात आपोआप फोनकडं जायचा आणि मी तो मागं घ्यायचो. मला वाटायचं, हेच तप आहे. आणि खोटं कशाला बोलू, तिला थोडं लागावं, असंही वाटायचं.

एका शुक्रवारी सिस्टर दुकानात आल्या तेव्हा मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुमच्या देवासारखा मागं सरलो बघा. डबा निथळून, धुऊन, पार कोरडा ठणठणीत केलाय."

त्यांचा चेहरा उतरला. "अहो आप्पा, कोरडा नाही करायचा, ते..." म्हणाल्या, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी त्याचं तेल मोजायला लागलो. त्या बराच वेळ थांबल्या आणि गेल्या. मी हाक मारली नाही. तेव्हा मला नवं काही ऐकायचं नव्हतं.

पोळा झाल्यावर दोनच दिवसांनी सकाळी किनवटच्या शाळेतून फोन आला. मुलीला आठवडाभर ताप होता, अंगावर काढला, आता नांदेडला दवाखान्यात आणलंय, लगेच निघा. मी एसटीत बसलो. अहमदपूर गेलं, लोहा आलं. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी कंडक्टरवर ओरडलो, लोक बघायला लागले. मी पोचलो तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती. हात अजून कोमट होता. मी तो धरून बसलो, आणि मला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. सहा महिन्यांत सवयच मोडली होती.

आमच्यात दहन नसतं. तिला बसवून, कपाळाला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन मातीत ठेवलं. सिस्टर आल्या होत्या. त्यांनी मूठभर माती टाकली आणि म्हणाल्या, आमच्यातही मातीच देतात.

पंधरा दिवसांनी तिचं सामान आणायला मी किनवटला गेलो. तिच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या शिक्षिकेनं कपडे, वह्या सगळं बांधून ठेवलं होतं. खिडकीत माझी तेलाची बाटली होती. जवळजवळ रिकामी, बूच घट्ट लावलेलं, तळाशी बोटभर तेल. काच तेलकट झालेली बघून मला, या वेळीसुद्धा, धुवावीशी वाटली.

"मी एकदा घासायला घेतली होती ती," ती शिक्षिका म्हणाली. "तर माझ्यावर वसकलीच की. धुऊ नको म्हणली, आप्पांचा वास हाय त्याला. बोटभर राहिलं तवापासून केसालाबी लावत न्हवती. संपंल म्हणून."

मी विचारलं, मग फोन का केला नाही तिनं?

"सकाळी सातला रोज फोन हातात धरून बसायची, आप्पा. मी म्हणायची, कर की तूच. तर म्हणायची, मीच म्हणलं होतं जागा द्या म्हणून, त्यांनी दिली, आता कुठल्या तोंडानं करू. तापात बी कळवू दिलं न्हाई तिनं. म्हणली, बरी झाली की मीच जाते लातूरला, पाया पडते."

पाया पडते म्हणाली पोर. कशाबद्दल?

लातूरला येऊन मी बाटली घेऊन सरळ सिस्टरच्या घरी गेलो. त्या टेबलाजवळ बसल्या होत्या. मी बाटली त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी बूच उघडून वास घेतला आणि रडायला लागल्या. मग जे अर्धं राहिलं होतं ते सांगितलं. देव मागं सरला, पण जागा कोरडी ठेवली नाही. आपला अंश तिथं ठेवून सरला. भांड्यातलं तेल ओतून घेतल्यावर भांड्याला जेवढं चिकटून राहतं, तेवढा. तो अंश नसता तर जग पोरकं झालं असतं. त्यांचे वडील हे शिकवताना तेलाचाच दाखला द्यायचे, आणि शिकवून झालं की घरातली दिव्याची बाटली दाखवायचे, कधीच न धुतलेली.

"हे तेव्हा का न्हाई सांगितलं?" मी ओरडलो. म्हाताऱ्या बाईवर, तिच्याच घरात.

"सांगत होते, आप्पा," त्या म्हणाल्या. "मीच तुमच्या मागं लागायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. गिऱ्हाईक थांबलं असतं. मुलाला इतक्या लांब जाऊ देऊनही त्यांनी राखलेला तो शुक्रवारचा दोन मिनिटांचा फोन माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं चालू होता. मी कळवळून परमेश्वराला विचारतो, इतकं डोळ्यांपुढं ठेवलंस, मग डोळे का नाही दिलेस? तोही मागं सरलेला आहे, आणि मी त्याचा अंश शोधत बसतो.

नंतरच्या एका सोमवारी घाणा बंद होता. हाताला काम नव्हतं. मी नकळत कढई ठेवली, तिळाचं तेल, मेथी, कढीपत्ता. तेल पार निवू दिलं. मग तिची बाटली घेतली, नरसाळं लावलं, आणि तळाशी नजर गेली. तेवढं तेल तिनं केसाला न लावता राखलं होतं. त्याच्यावर ओतायची माझी छाती झाली नाही. कढवलेलं तेल मी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवलं.

शुक्रवारी ते भांडं घेऊन मी सिस्टरकडं गेलो. मेथीचं तेल दिव्यात कुणी घालत नाही, पण त्यांनी भांडं माझ्या हातून घेतलं. त्यांनी आधी मुलाला फोन केला. मग दिव्यात माझं तेल घातलं, पदर घेतला, वात पेटवली आणि मला म्हणाल्या, "तुम्हीही नाव घ्या, आप्पा."

वात तापली तसा खोलीभर वास सुटला, तिच्या वेणीचा. मी तोंड उघडलं आणि मुलीला हाक मारली. फोन बंद केल्या दिवसापासून मी तिला नावानं हाक मारलीच नव्हती.