वडीगोद्रीचा पिरॅमिड

"आत पोकळ ठेव म्हनलं होतं ना तुला? बिलकुल बुजवून राह्यला तू!" थोरला भाऊ गवंड्यावर असा ओरडला, की वडीगोद्रीच्या रस्त्यावर एखाद्या ट्रकनं ब्रेक मारला असेल.

गवंडी थापी पुसत म्हणाला, "समाधी भरीवच असती, भाऊ. पोकळ ठेवली की साप राहायला येतो."

वडिलांना जिथं अग्नी दिला तिथंच, विहिरीच्या अंगाला, बांधकाम चाललं होतं. आमच्याकडं रीतच आहे ती. ज्यानं शेत कसलं, त्याचा ओटा शेतात. पण भावाला नुसता ओटा नको होता, पिरॅमिड पाहिजे होता. आत वडिलांच्या वस्तू ठेवायच्या, आणि वर त्यांचं घोंगडं. ते घोंगडं आईनं सकाळपासून अंगावर घेतलेलं होतं.

हे खूळ माझ्याकडून आलेलं. मी जालन्याच्या शाळेत इतिहास शिकवायचो. वडील अंथरुणाला खिळल्यावर दर शनिवारी यायचो आणि उशाशी बसून पिरॅमिडच्या थापा मारायचो. एकेक दगड आपल्या गोठ्याएवढा, म्हणायचो, आणि टोकावर चढलं की बदनापूरचं स्टेशन दिसतं. अधूनमधून खरंही सांगायचो. की ती राजाची कबर. मेल्यावरही राजा राहतच असतो असं त्या लोकांना वाटायचं, म्हणून देह टिकवायचा, सोबत धान्य, पलंग, कपडे, होडीसुद्धा ठेवायची. की आधी राजांनाही साधा ओटाच असायचा. मग एकानं ओट्यावर ओटा चढवला, आणि पुढच्यांनी पायऱ्या बुजवून सरळ उतार केले.

वडिलांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "इतकी मानसं दगडं ओढायला. मंग पेरणी कोन करायचं?"

"नदीला पूर आला की शेतं पाण्याखाली जायची. तेव्हा बरेच शेतकरी ह्या कामावर."

"मंग बराबर हाय," म्हणाले, आणि कुशीवर वळले.

भाऊ उंबऱ्यात बसून ऐकायचा. मला वाटायचं, पेंगतोय.

"सांग की मास्तर ह्याला," तो आता मला म्हणाला. "राजाची खोली असती का न्हाई आत?"

"असती," मी म्हणालो. "डोंगराएवढ्या दगडात एवढीशी."

एरवी मी त्या खोलीत हत्ती झुलवले असते. त्या दिवशी तेवढ्यावरच थांबलो. ओल्या सिमेंटवर एक मुंगळा चालला होता. तो कुठं जातो, एवढंच बघत उभा राहिलो. रडू नव्हतं, काहीच नव्हतं.

गवंड्यानं कोनाडा सोडला. चारी बाजू टोकाला नेता नेता हात सवयीनं वळला आणि तुळशीवृंदावन झालं, पण भावाला ते चाललं. त्यानं चंची ठेवली, चष्मा ठेवला, मूठभर ज्वारी ठेवली. मग बाभळीखाली बसलेल्या आईकडं गेला.

"आई, घोंगडं दे. शेवटपर्यंत त्यांच्याच अंगावर होतं. तिथं गारठ्यात काय पांघरतील ते?"

आईनं एकदा त्या वृंदावनाकडं बघितलं. भावाचा हात तसाच पुढं.

"मला लागतं," ती म्हणाली.